झोपेत मास्क आपोआप निघतो, त्याचं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझं काही चुकलं असेल तर कळेल. वय ४९, वजन ९६ किलो, नाशिकला राहता. घोरणं जुनं, पण वहिनींनी घोरता घोरता श्वास थांबलेला पाहिला आणि त्या घाबरल्या. त्यातच कसारा घाटात गाडी चालवताना तुमचा डोळा लागला, म्हणून तपासणी झाली. घरी केलेल्या स्लीप स्टडीत एएचआय ४२ आला, म्हणजे तासाला सरासरी ४२ वेळा श्वास थांबतो किंवा अर्धवट अडतो. यालाच स्लीप ॲप्निया म्हणतात. ऑटो सीपॅप मिळाला, म्हणजे झोपेत घशाची वाट उघडी राहावी म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं आणि तो दाब गरजेप्रमाणे स्वतः बदलणारं मशीन. प्रेशर ४ ते २०, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क. आता तीन आठवडे झालेत. मास्क लावला की गुदमरतं, कशीबशी झोप लागते, आणि पहाटे जाग येते तेव्हा मास्क उशीशेजारी पडलेला असतो. कधी काढला ते आठवत नाही. दुकानदार म्हणतो, "सवय होईल." तुम्ही विचारताय, खरंच होते, की मशीन परत करून टाकू?

परत करू नका, निदान आत्ता नको. आणि "सवय होईल" हे उत्तरही मनावर घेऊ नका.

मी डॉक्टर नाही. चौदा वर्षं स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, म्हणजे रात्रभर पडद्यावर दुसऱ्यांचा श्वास बघत जागी राहते. "मला काही त्या मशीनची सवय होत नाही" असं म्हणत परत आलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. त्यातल्या बहुतेकांचा प्रश्न सवयीचा नव्हताच. चपलेत खडा गेला तर आपण चालायची सवय करत नाही, थांबून खडा काढतो. मास्कचंही तसंच आहे, फक्त इथे खडा नेमका कुठे आहे ते शोधावं लागतं.

तुमच्या प्रश्नात मला दोन वेगळे खडे दिसतात, आणि तुम्ही ते एकच समजताय. लावल्या लावल्या गुदमरणं हा जागेपणीचा त्रास आहे. झोपेत हाताने मास्क काढला जाणं हा झोपेतला. कारणं वेगळी, उपायही वेगळे.

आधी गुदमरणं. सीपॅपचं प्रेशर पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात. ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉ चार सेंटिमीटर खोल बुडवून बुडबुडे काढायला जेवढा जोर लागतो, तेवढं म्हणजे प्रेशर ४. फार कमी आहे हे. मास्कला पुढे बारीक भोकं असतात, त्यातून मशीनची हवा सतत बाहेर पडत राहते आणि तुमचा उच्छ्वास सोबत घेऊन जाते. प्रेशर कमी असलं की हा प्रवाहही कमी, आणि मोठ्या मास्कमध्ये जागा जास्त, त्यामुळे आतली हवा कोंदट वाटते. अंगाने भरलेल्या माणसाला तर ४ वर हवा पुरतच नाही असं वाटतं. गंमत अशी की गुदमरतं म्हटल्यावर सगळे प्रेशर कमी करायला बघतात. मी कित्येकांना ४ वर तळमळताना आणि डॉक्टरांनी सुरुवात ६ किंवा ७ वर नेल्यावर "आता श्वास घेता येतोय" म्हणताना पाहिलंय.

४ ते २० ही मशीनची पूर्ण मर्यादा आहे, फॅक्टरीतून येते तशीच. बऱ्याचदा घाईत तीच राहून जाते. तीन आठवड्यांची माहिती आता मशीनमध्ये साठली आहे. तुम्हाला रात्रीचा बहुतेक वेळ किती प्रेशर लागतं हे त्यावरून कळतं. डॉक्टरांना ते बघून खालची आणि वरची मर्यादा आवळायला सांगा. सोबत रॅम्पबद्दल विचारा. रॅम्प म्हणजे सुरुवातीची काही मिनिटं प्रेशर मुद्दाम कमी ठेवून हळूहळू वाढवणारी सोय. ती कित्येकांना आवडते, पण ४ वर गुदमरणाऱ्याला तीच रॅम्प पाऊण तास छळत बसते. श्वास सोडताना प्रेशर थोडं उतरवण्याचीही सोय असते, कंपनीगणिक नाव वेगळं. हे आकडे मेनूत शिरून स्वतः बदलू नका. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा दुसरा आजार असेल तर हिशेब बदलतो, आणि तुमचा पूर्ण इतिहास मला माहीत नाही.

गुदमरण्याचा दुसरा भाग मनातला आहे, म्हणून तो खोटा नाही. माणसं सहसा बोलून दाखवत नाहीत, पण खोदून विचारलं की निघतं: "लाईट गेली आणि मी झोपेत असलो तर?" मोठ्या मास्कला एक झडप असते. मशीनची हवा बंद झाली की ती उघडते आणि बाहेरची हवा आत येते. नाकावरच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच असतं. मी लॅबमध्ये मास्क लावून द्यायच्या आधी हे मुद्दाम करून दाखवते: मास्क लावलेला असताना मशीन बंद करते आणि म्हणते, घ्या श्वास. तुम्हीही दिवसा, जागेपणी, वहिनी शेजारी असताना करून बघा. एकदा शरीराला कळलं की निम्मी भीती उतरते.

उरलेल्या निम्म्या भीतीसाठी दिवसाचा सराव. पलंगावर रात्री अकराला, थकलेल्या अंगाने, "आज तरी जमलंच पाहिजे" असं म्हणत मास्क शिकायला जाऊ नका. संध्याकाळी खुर्चीत बसा, टीव्ही लावा, मशीन चालू करा आणि मास्क पट्टे न बांधता हाताने चेहऱ्यावर धरा. हातात आहे म्हणजे केव्हाही खाली ठेवता येतो, हीच यातली मेख आहे. दोन-तीन दिवसांनी पट्टे बांधा. मग वीस मिनिटं, मग अर्धा तास, मग दुपारची एखादी डुलकी मास्क लावून. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षिका यायच्या. त्यांनी आठवडाभर रोज मास्क लावून पेपर वाचला. नातू त्यांना "हत्ती आजी" म्हणायला लागला, पण आठव्या दिवशी त्या पाच तास झोपल्या. रात्री भीती दाटून आलीच तर झगडत पडून राहू नका. काढा, उठून बसा, घोटभर पाणी प्या, दहा मिनिटांनी पुन्हा लावा. मास्क काढून तसंच झोपून जायचं नाही, एवढं एकच पथ्य.

आता मास्कच्या निवडीबद्दल, आणि इथे माझं मत जरा तिखट आहे. आपल्याकडे तोंड उघडं टाकून झोपणारा माणूस दिसला की सरळ मोठा मास्क देतात. पण तोंड उघडं का राहतं? पुष्कळदा घशाची वाट मिटते म्हणून शरीर तोंडाने हवा ओढायला बघतं. ती वाट सीपॅपने उघडी राहिली की बऱ्याच जणांचं तोंड आपोआप मिटतं. मोठ्या मास्कची कड लांब, म्हणून लीक होण्याच्या जागा जास्त. तो जबड्याला मागे दाबतो, म्हणून अनेकांना प्रेशरही जास्त लागतं. मला विचाराल तर पहिली संधी नाकावरच्या छोट्या मास्कला द्यावी.

पण हे सगळं तुमच्या नाकावर अवलंबून आहे. साधी परीक्षा करा. शांत बसून तोंड मिटा आणि पाच मिनिटं फक्त नाकाने श्वास घ्या. मग एकेक नाकपुडी दाबून बघा. सहज जमलं तर नाकाचा मास्क मागून बघायला हरकत नाही. जमलं नाही तर आधी नाक-कान-घसा तज्ज्ञ. नाकाचा पडदा वाकडा असेल, ॲलर्जी असेल, तर त्यावर उपाय होईपर्यंत कुठलाही मास्क शत्रूच वाटणार. मिठाच्या पाण्याचा स्प्रे निरुपद्रवी आहे. डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइड स्प्रेचा गुण यायला काही दिवस लागतात, दुसऱ्या दिवशी सोडू नका. पण नाक झटक्यात मोकळं करणारे मेडिकलमधले थेंब आठवडेच्या आठवडे घालत राहू नका. चार-पाच दिवसांपलीकडे त्यांच्यामुळेच नाक चोंदायला लागतं. आणि मास्क बदलताना एक लक्षात ठेवा: काही मास्कच्या पट्ट्यांना लोहचुंबकाची बटणं असतात. तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर असेल तर ते मास्क नकोत.

आता दुसरा खडा, झोपेत मास्क काढणं. याबद्दल तुम्हाला अपराधी वाटतंय असं लिहिण्यावरून जाणवलं. तसं वाटायचं कारण नाही. जागं न होता माशी हाकलतो तसाच तो हात असतो. त्याला काहीतरी टोचत असतं म्हणून तो उठतो.

काय टोचतंय ते कळायला घड्याळ बघा. मशीनच्या ॲपमध्ये किंवा कार्डावरच्या रिपोर्टमध्ये मास्क किती वाजता निघाला ते कळतं. तुमचा बहुधा दोन ते चारच्या मध्ये निघत असणार, असा माझा अंदाज. कारण असं की स्वप्नांची झोप, जिला रेम म्हणतात, रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते. तिच्यात घशाचे स्नायू सगळ्यात सैल पडतात, वाट जास्त मिटते. ऑटो मशीनला ते कळतं, ते प्रेशर चढवतं. चढलेलं प्रेशर मास्कच्या कडेतून वाट काढतं, हवेची तिरीप डोळ्यावर येते किंवा तोंड कोरडं पडतं, आणि हात उठतो. रिपोर्टमध्ये मास्क निघण्याच्या आधीची पंधरा-वीस मिनिटं बघा. लीक चढलेला दिसला तर प्रश्न मास्क नीट बसण्याचा आहे. लीक कमी आणि प्रेशर मात्र उंच गेलेलं दिसलं तर वरच्या मर्यादेचा. दोन्ही शांत असतील तर नाक चोंदणं, गाल-नाक दुखणं किंवा नळी ओढली जाणं, इकडे बघा.

यावरून आणखी एक गोष्ट निघते. "चार तास वापरलं की पुरे" हे तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. ती अट अमेरिकेतल्या विम्याची आहे: तीस दिवसांत सत्तर टक्के रात्री किमान चार तास. मशीन वापरात आहे की नाही एवढंच त्यातून त्यांना ठरवायचं असतं. शरीराने असा कुठलाही आकडा ठरवलेला नाही. तुम्ही दोनला मास्क काढत असाल तर सोपा अर्धा भाग मास्कसह आणि सगळ्यात अवघड अर्धा भाग मास्कशिवाय झोपताय. मग दिवसा डुलक्या कमी झाल्या नाहीत यात नवल नाही.

मास्क नीट बसवणं ही खरी कारागिरी आहे आणि दुकानात खुर्चीवर बसून ती होत नाही. आडवं झालं की गाल आणि जबडा खाली सरकतात, चेहऱ्याचा आकारच बदलतो. म्हणून पलंगावर, ज्या उशीवर झोपता त्याच उशीवर, मशीन चालू ठेवून पट्टे जुळवा. पाठीवर, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या. सगळ्यात मोठी चूक म्हणजे लीक झाला की पट्टे आवळणं. सिलिकॉनची आतली पातळ कड हवेने फुगून चेहऱ्याला चिकटायची असते. आवळलं की ती चेपते, लीक वाढतो, माणूस अजून आवळतो, आणि आठ दिवसांत नाकाच्या दांड्यावर फोड. पट्ट्याखाली एक बोट सहज सरकावं. लीक झाला तर आधी मास्क चेहऱ्यापासून थोडा उचलून पुन्हा टेकवा, पट्टे शेवटी.

डोक्याला रात्री खोबरेल तेल लावून झोपायची सवय असेल तर ते सकाळवर न्या. तोंडाला लावायच्या क्रीमचंही तेच. तेलकट चेहऱ्यावर सिलिकॉन घसरतं आणि लवकर खराबही होतं. दोन दिवसांची खुरटी दाढी ही पूर्ण दाढीपेक्षाही वाईट. मिशीवाल्यांना नाकपुड्यांच्या टोकाशी बसणारा उशीसारखा छोटा मास्क बहुधा बरा पडतो.

नळी छातीवरून नेऊ नका, कूस बदलताना ती मास्क ओढते. डोक्यामागे भिंतीला हूक लावून नळी वरून सोडा. मच्छरदाणी असेल तर तिच्या दोरीला सैल नाडीने बांधली तरी चालतं, माझ्याकडच्या एका आजोबांनी तेच केलंय आणि विकत मिळणाऱ्या स्टँडपेक्षा ते चांगलं चालतं.

कोरडेपणाचं थोडक्यात. नाशिकच्या थंडीत ह्युमिडिफायर, म्हणजे मशीनमधली हवेला ओलावा देणारी पाण्याची टाकी, वाढवा, पावसाळ्यात कमी करा. रत्नागिरीच्या पेशंटला मी जो आकडा सांगते तो नाशिकला चालत नाही. खोली फार गार असेल तर नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो, कधी थेंब नाकात उडतात. नळीला कापडी खोळ घाला आणि मशीन डोक्याच्या पातळीपेक्षा खाली ठेवा. पाणी डिस्टिल्ड घाला. उकळल्याने जंतू मरतात, क्षार जात नाहीत. उरलेलं रोज सकाळी ओतून द्या. मास्कची कड रोज साध्या साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. ओझोनने "निर्जंतुक" करणारी यंत्रं विकत घेऊ नका. मागचा फिल्टर महिन्याने काळा दिसला तर बदला, रस्त्याकडेच्या घरात तो आधीच काळा होतो.

लाईटचं: इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. ह्युमिडिफायरची गरम प्लेट बंद ठेवली तर मशीन फारच कमी वीज खातं आणि घरातल्या अशा इन्व्हर्टरवर रात्र निघते. प्रवासाला जाताना मशीन हातातल्या सामानात घ्या, पाण्याची टाकी रिकामी करून.

किती दिवस लागतील? माझ्यापुढे पहिल्याच रात्री सात तास झोपून सकाळी "मी मेलो होतो का?" विचारणारे आहेत, आणि दोन महिने घेणारेही आहेत. पहिल्या काही रात्री स्वप्नं खूप आणि ठळक पडतात. अडवून ठेवलेली रेम झोप वसुली करते, घाबरू नका. पोट फुगणं, ढेकरा हेही होतं, हवा गिळली जाते. प्रेशर जुळलं की बहुधा कमी होतं. मास्क नीट चालत असूनही रिपोर्टमधला एएचआय ५ च्या वरच राहत असेल, किंवा त्यात घसा उघडा असूनही श्वास थांबल्याच्या नोंदी बऱ्याच असतील, तर ते घरगुती युक्त्यांचं काम नाही. रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा.

मशीन परत करण्याबद्दल. ३० च्या वर एएचआय म्हणजे तीव्र. दातांच्या डॉक्टरांकडून मिळणारं, जबडा पुढे धरणारं साधन सौम्य आणि मध्यम त्रासाला जास्त उपयोगी, ४२ ला सहसा एकट्याने पुरत नाही. वजन कमी केल्याने फरक पडतो, पण ते होईपर्यंतच्या रात्रींचं काय? १९८० मध्ये सिडनीत डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी पहिल्यांदा हा उपाय केला, तेव्हा अशा पेशंटला दुसरा पर्याय म्हणजे गळ्याला भोक पाडणं हा होता. त्यांनी हवा मारणाऱ्या मोटरला नळी जोडली आणि मास्क नाकाला चक्क सिलिकॉनने चिकटवला, दर रात्री नव्याने. म्हणजे मास्कची कटकट पहिल्या रात्रीपासूनची आहे, तुमच्यापासून सुरू झालेली नाही.

एक गोष्ट मात्र थांबवा. पूर्ण रात्री मास्कसह झोप लागून दिवसाच्या डुलक्या जाईपर्यंत एकट्याने लांबचं ड्रायव्हिंग नको, घाटातून तर नकोच. मुंबईला जायचं तर रेल्वेने जा. आणि वहिनींना रात्रीचा पहारेकरी करू नका. त्यांचीही झोप बऱ्याच वर्षांची थकलेली असणार. काही मशीनमध्ये मास्क निघाला की वाजणारी सूचना असते, ती चालू करा.

आज एवढं करा: नाकाची पाच मिनिटांची परीक्षा, रिपोर्टमधून गेल्या सात रात्रींच्या मास्क निघाल्याच्या वेळा, आणि डॉक्टरांना फोन. फोनवर "त्रास होतो" एवढंच म्हणू नका. असं सांगा: "सुरुवातीच्या ४ वर गुदमरतं, मास्क अमुक वाजता निघतो, त्याआधी लीक एवढा असतो. प्रेशरच्या मर्यादा बघून द्याल का?" फोन करण्याआधी मास्कच्या कडेवर छापलेलं मापाचं अक्षर वाचून ठेवा. मोठा चेहरा बघून दुकानातून पुष्कळदा मोठं माप दिलं जातं, आणि मोजायला हवं असतं ते नाकापासून हनुवटीपर्यंतचं अंतर.